मचाणावरची पाटी

विस्कॉन्सिनच्या नकाशावर ६४ क्रमांकाचा राज्य महामार्ग आडवा धावतो. पश्चिमेला सेंट क्रॉय नदी, पूर्वेला ग्रीन बेच्या काठचं मॅरिनेट. राज्याच्या निसर्गसंपदा खात्याने, ज्याला इथे सगळे डीएनआर म्हणतात, हरणांच्या शिकारीचा एक नियम या रस्त्यावर बेतला आहे. रस्त्याच्या उत्तरेला डीएनआरच्या जमिनीवर झाडाला बांधलेलं मचाण १ सप्टेंबरपासून ३१ जानेवारीपर्यंत रात्रंदिवस तिथेच ठेवता येतं. एका काउंटीत एका माणसाला दोनच. त्यावर मालकाचं नाव-पत्ता किंवा खात्याने दिलेला ग्राहक क्रमांक हवा, तोही खाली उभं राहून वाचता येईल असा. झाडाला इजा होता कामा नये. रस्त्याच्या दक्षिणेला मात्र दिवसाची शिकार संपली की मचाण उतरवायचं आणि घरी न्यायचं. उद्या पहाटे पुन्हा बांधायचं.

हरणाचं नाक तिखट आणि जमिनीलगतची हालचाल त्याच्या लगेच लक्षात येते, म्हणून शिकारी पंधरा-वीस फूट वर जाऊन बसतो. पाय ठेवण्यापुरती जाळीची पाटली, एक छोटी बैठक, झाडाभोवती आवळलेला पट्टा. मचाण म्हणजे एवढंच. पण सार्वजनिक जंगलात ते किती दिवस राहावं, राहिलं तर त्या जागेवर कुणाचा हक्क, आणि नियम मोडणाऱ्याचं काय करायचं, यावर अमेरिकेच्या या भागात दर शरद ऋतूत शिकाऱ्यांच्या घरोघरी वाद होतात. आमच्याही घरी झाला.

माझे मामा चंद्रपूर जिल्ह्यात वनक्षेत्रपाल होते. निवृत्तीनंतर ते मॅडिसनला आमच्याकडे राहायला आले. माझा धाकटा भाऊ इथे बरीच वर्षं आहे. धनुष्यबाणाने शिकार करतो, उत्तरेच्या जंगलात त्याची दोन मचाणं असतात. मामांची हयात शिकाऱ्यांना पकडण्यात गेली, आणि भाच्याच्या फ्रीजरमध्ये हरणाचं मांस. तरी शिकार करावी की करू नये यावर दोघे भांडले नाहीत. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा दरवाजा लावला आणि १९९१च्या दुरुस्तीने त्याला कडी घातली. इथे हरणं भरपूर आहेत, परवाना आहे, हंगाम आहे, संख्येचा हिशेब आहे, हे मामांनी पहिल्याच दिवशी समजून घेतलं. भांडण झालं ते जागेवरून. त्यातलं बरंच बोलणं इथे देते. मध्ये मीही बोलले आहे.

मामा : दक्षिणेचा नियम मला पटतो. जे नेलंस ते आण. जंगलात माणसाची खूण उरू नये.

भाचा : मामा, तो नियम पाळून बघा एकदा. पहाटे चारला उठायचं. आठ-दहा किलोचं मचाण, वर चढायच्या काठ्या, दोर, धनुष्य, सगळं पाठीवर. अंधारात मैलभर चाल. मग झाडाला लटकून, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी पट्टे आवळायचे. संध्याकाळी अंधारातच सोडायचे. मचाणावरून पडणारे बहुतेक जण बसलेले असताना पडत नाहीत. चढताना, उतरताना, बांधताना पडतात. कित्येक राज्यांत बंदुकीच्या अपघातांपेक्षा हे अपघात जास्त आहेत. रोज बांधा आणि रोज सोडा म्हणजे धोका रोज दोनदा.

मामा : आणि पाच महिने झाडावर राहिलेल्या पट्ट्याचं काय? उन्हाने तो कुजतो. झाड वाढतं, ताण वाढतो. खारी कुरतडतात. तू तपासून चढतोस, मान्य. पण जो सोडून गेला आणि दोन वर्षं परतलाच नाही, त्याच्या मचाणावर एखादं पोर चढलं तर?

भाचा : तो सोडून देणारा वेगळा. मी हंगामापुरतं ठेवणाऱ्याबद्दल बोलतोय.

मामा : कायद्याला तुम्ही दोघे वेगळे दिसायला हवेत ना? जंगलात उभ्या असलेल्या गार्डला फक्त मचाण दिसतं. मालकाच्या मनात काय आहे ते दिसत नाही.

या वाक्यापाशी मामा पुन्हा पुन्हा येत राहिले. खात्यात काम केलेल्या माणसाची ही नजर आहे. जागेवर उभ्या असलेल्या, हाताखाली कुणी नसलेल्या वनरक्षकाला जो नियम एका दृष्टिक्षेपात तपासता येत नाही, तो कागदावरच राहतो, हे त्यांनी बीटवर आणि कोर्टात दोन्हीकडे पाहिलं होतं.

भाचा : बरं, मग दिसेल असं सांगतो. आता सॅडल आलंय. कमरेला पट्ट्यांची झोळी, पायाखाली तळहाताएवढी पाटली. सगळं मिळून पाच-सहा किलो. ज्याला रोज न्यायचं-आणायचं त्याने ते वापरावं. दक्षिणेत मीही तेच वापरतो. पण साठीच्या माणसाला, गुडघे गेलेल्याला ते जमत नाही. शिडीचं मचाण वीस किलोचं असतं, ते रोज कोण वाहील? तुमच्या नियमाने म्हातारे शिकारी जंगलाबाहेर जातील. उरतील तरणे, आणि ज्यांच्याकडे स्वतःचं रान आहे ते. खासगी रानात कुणी काहीही बांधून ठेवतो, त्याला कोण विचारतं?

मामांनी यावर लगेच उत्तर दिलं नाही. मुद्दा खरा आहे. नियम सर्वांना सारखा असला तरी त्याचं ओझं सारखं नसतं, आणि ज्याच्या मालकीचं काहीच नाही त्याला सार्वजनिक जंगल हाच एक आधार असतो. मामा वळले ते दुसऱ्या बाजूने.

मामा : तू ठेवलेलं मचाण रिकामं आहे, आणि पहाटे पाचला दुसरा शिकारी तिथे आला. त्याने काय करावं?

भाचा : मचाण माझं आहे, त्यावर त्याने चढू नये.

मामा : त्याच्याशेजारी, दहा पावलांवरच्या झाडावर?

भाचा : ते... रीत नाही.

मामा : रीत नाही की हक्क नाही?

भाचा : रीत नाही. जागा मी शोधली. उन्हाळाभर हिंडून पायवाटा बघितल्या, नरांनी शिंगं घासलेली झाडं बघितली. ज्याने कष्ट केले त्याला मान द्यावा, एवढंच.

मामा : म्हणजे एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल! आत बसायला अजून तू चढलाही नाहीस, पण सीट तुझी. चढलेला बिचारा उभा. आपल्याकडे ज्याचा हात खिडकीपर्यंत पोचतो त्याला बसायला मिळतं. इथे ज्याच्याकडे चार मचाणं घ्यायला पैसे आणि सप्टेंबरात चार दिवस सुट्टी, त्याला जंगल मिळतं. कष्ट म्हणतोस त्याचा अर्धा भाग सवड आहे. शनिवार-रविवारीही कामाला जाणाऱ्याने काय करायचं?

भाऊ इथे थोडा चिडला. त्याच्या बाजूने सांगायला हवं की मचाणामुळे जागा राखून ठेवल्यासारखी होते असं तोही मानत नाही. शेजारच्या मिनेसोटाचा नियम त्यानेच मामांना दाखवला होता. तिथे सार्वजनिक जमिनीवर कुणी कायमचं मचाण बांधलं आणि ते रिकामं असलं, तर ते सार्वजनिक आहे, बांधणाऱ्याच्या मालकीचं नाही, असं शिकारीच्या नियमपुस्तिकेतच लिहिलेलं आहे. लाकूड, खिळे, मजुरी सगळी तुझी. पण उठलास की सगळ्यांचं. नियम किती थेट असू शकतो याचा मला माहीत असलेला हा सर्वांत चांगला नमुना.

त्याच मिनेसोटात या नियमाला पुरून उरणारी माणसंही निघाली. डुलुथ शहर ज्या काउंटीत आहे त्या सेंट लुई काउंटीकडे सुमारे नऊ लाख एकर जमीन कर थकल्यामुळे आलेली आहे. पाइनचं जंगल तोडून झाल्यावर लाकूड कंपन्या निघून गेल्या, मागे आलेल्यांची शेती पिकली नाही, कर थकले, जमीन सरकारजमा झाली. उत्तरेकडच्या सार्वजनिक जंगलांचा इतिहास पुष्कळसा असाच आहे. विस्कॉन्सिनच्या तीस काउंट्यांची मिळून जवळजवळ चोवीस लाख एकर काउंटी-जंगलं याच वाटेने उभी राहिली. सेंट लुई काउंटीतल्या या जमिनीवर शिकाऱ्यांनी मचाणांची घरं केली: जिने, ओसऱ्या, कौलारू छपरं, काचेच्या खिडक्या, आत गालिचा, आरामखुर्ची, गॅसचा शेगडा, क्वचित जनरेटर. आजूबाजूची झाडं निशाण नीट दिसावं म्हणून तोडलेली. २०१३च्या सुमारास काउंटीने या बांधकामांना आळा घालायचं ठरवलं, तेव्हा तक्रारींमागचं मुख्य कारण हेच होतं की अशा घराचा मालक मग त्या रानालाच आपलं समजू लागतो आणि दुसऱ्याला हुसकावतो.

मामा : हे मी ओळखतो. आधी एक पाल. मग चार कुडं. मग कुंपण. आणि मग तोच आपल्याला विचारतो, तू इथे कसा?

भाचा : मामा, तुमच्याच खात्याच्या वहीत अतिक्रमण म्हणून लिहिलेली कितीतरी शेतं पुढे हक्क ठरली. २००६चा वनहक्क कायदा झाला. १३ डिसेंबर २००५पूर्वी जो आदिवासी जमीन कसत होता त्याची ती जमीन. मग आधी पाल आणि मग हक्क, ही गोष्ट नेहमीच वाईट नसते ना?

मामा : नाही. आणि म्हणूनच मी तुला मचाणावर सोडत नाही. गोंडाचं, कोलामाचं शेत हे पोट आहे. तो जंगलाच्या आधी नाही तर जंगलाबरोबर तिथे आहे. कायद्याने त्याचं देणं उशिरा दिलं. तुझं मचाण आठवड्याच्या सुट्टीचं आहे. पोटाचा दावा आणि करमणुकीचा दावा एका तागडीत तोलू नकोस. आणि हक्कच बोलायचं तर मला सांग, या उत्तरेच्या जंगलात पहिला कोण?

भाचा : ओजिब्वे.

मामा : मग?

याचं उत्तर भावाने नीट दिलं, आणि मला ते आवडलं. १८३७ आणि १८४२च्या तहांनी ओजिब्वे या मूळनिवासी लोकांनी उत्तर विस्कॉन्सिनची जमीन अमेरिकेला दिली, पण तिथे शिकार, मासेमारी आणि वनोपज गोळा करण्याचा हक्क आपल्याकडे ठेवला. राज्य सरकारने तो हक्क शतकभर मानला नाही. लाक कूत ओरेय जमातीच्या खटल्यात १९८३ साली संघीय न्यायालयाने तो हक्क जिवंत असल्याचं मान्य केलं. त्यानंतरच्या वसंतांत ओजिब्वे लोक भाल्याने मासे मारायला तलावावर आले की नावा उतरवायच्या धक्क्यांवर गोऱ्या निदर्शकांचे जमाव जमत, दगड पडत, शिव्या पडत. १९८४ साली जमातींनी स्वतःचा मासे-वन्यजीव आयोग उभा केला. त्याचे स्वतःचे वॉर्डन, म्हणजे शिकारीचे नियम राखणारे अधिकारी, आहेत. म्हणजे ज्या रानात माझा भाऊ 'मी आधी मचाण लावलं' म्हणतो, तिथे 'आधी' हा शब्द कुणाच्या तोंडी शोभतो ते न्यायालयाने सांगून झालं आहे.

भाचा : म्हणून तर मी म्हणतो, जागेवर दावा नको. पण वस्तू ठेवू द्या. वस्तू आणि जागा वेगळ्या करा.

मामा : माणसं करतील का वेगळ्या?

इथे मी मध्ये पडले, कारण ही गोष्ट या राज्यात बोलल्याशिवाय हा वाद पुरा होत नाही. २१ नोव्हेंबर २००४, बंदुकीच्या हंगामाचा पहिला रविवार, सॉयर काउंटी. जमीन खासगी होती, हे आधी सांगते. मिनेसोटातल्या सेंट पॉलहून आलेला एक ह्मोंग शिकारी तिथल्या एका रिकाम्या मचाणावर बसलेला आढळला. मालकांच्या गटाने त्याला जायला सांगितलं. तो खाली उतरला, शब्दाला शब्द लागला, गोळ्या सुटल्या. सहा माणसं मेली, दोघं जखमी झाली. आपल्याला वंशावरून शिव्या दिल्या आणि पहिली गोळी समोरून आली, असं त्याने न्यायालयात सांगितलं. पहिली गोळी आपल्या बाजूने सुटल्याचं वाचलेल्यांनी नाकारलं. २००५मध्ये ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं आणि जन्मठेपा झाल्या. ह्मोंग हे लाओसमधून निर्वासित म्हणून आलेले लोक. विस्कॉन्सिनमध्ये त्यांची वस्ती मोठी आहे. त्या खटल्यानंतर निरपराध ह्मोंग शिकाऱ्यांनी कितीतरी हंगाम भीत भीत काढले.

त्या सहा मृत्यूंचं कारण मचाण होतं असं मी म्हणणार नाही. कारण माणसाच्या हातात आणि मनात होतं. पण हातात भरलेली बंदूक असलेली, एकमेकांना न ओळखणारी माणसं निर्जन रानात 'ही जागा कुणाची' यावर आमनेसामने येतात, तेव्हा तो प्रश्न त्यांच्या तोंडी सोडून देणं सरकारने करू नये. उत्तर आधीच, लेखी, झाडावर असलं पाहिजे.

मामा : बरोबर बोललीस. म्हणून मी म्हणतो, ठेवूच नका. उतरवा. प्रश्नच मिटतो.

भाचा : मिटत नाही. विस्कॉन्सिनमध्ये बहात्तर काउंट्या, शिकारी साडेपाच-सहा लाख, आणि वॉर्डन काउंटीमागे जेमतेम दोन-तीन. नोव्हेंबरच्या नऊ दिवसांत ते परवाने बघणार, भरल्या बंदुका गाडीत ठेवणाऱ्यांना पकडणार, हरवलेल्यांना शोधणार, की रात्री जंगलात टॉर्च घेऊन मचाणं मोजणार? उत्तरेत पूर्वी रोज उतरवायचाच नियम होता. लोक ठेवतच होते, फक्त लपवून. दाट फांद्यांत, रस्त्यापासून लांब, नाव न लावता. नाव लावलं तर पुरावा. म्हणजे कडक नियमाने काय केलं? प्रामाणिक माणसाला निनावी केलं.

मामा : हं.

भाचा : आता नाव लावायला काहीच भीती नाही. वॉर्डन खालून बघतो, क्रमांक वाचतो. क्रमांक आहे, ३१ जानेवारीच्या आत आहे, खिळा नाही, पुढे चालायचं. क्रमांक नाही? मग ते मचाण कुणाचंच नाही. मनातलं ओळखायची गरजच उरत नाही. तुम्हाला हेच हवं होतं ना?

मला वाटतं, वाद इथे वळला. मामांनी मागितलेली गोष्ट भाच्याच्या नियमात सापडली. एका नजरेत तपासता येणारी खूण हवी होती. ती मचाणाच्या असण्या-नसण्यात नव्हती, मचाणावरच्या पाटीत होती. नावाऐवजी क्रमांक चालतो हेही शहाणपणाचं आहे. जंगलात घरचा पत्ता टांगायला लोक कचरतात, चोरांना आणि भांडखोरांना तो आयता मिळतो. क्रमांक फक्त खात्याला उलगडतो. पेनसिल्व्हेनियाच्या शिकार-राखीव जमिनींवरही नावाच्या जागी खात्याचा क्रमांक चालतो, आणि तिथे मचाणाची मुदत हरणाच्या पहिल्या हंगामाआधी दोन आठवडे ते शेवटच्या हंगामानंतर दोन आठवडे अशी हंगामालाच बांधलेली आहे. मिशिगनमध्ये १ सप्टेंबर ते १ मार्च, नाव खालून वाचता येईल असं, आणि झाडात खिळे-स्क्रू ठोकायला बंदी. संघीय वन्यजीव आश्रयस्थानांचा नियम आणखी पुढे जातो: ज्या झाडात शिकाऱ्याच्या आधारासाठी धातू ठोकलेला आहे त्या झाडावरून शिकारच करायची नाही, मग तो धातू कुणीही ठोकलेला असो. कारण साधं आहे. खिळ्याभोवती झाड वाढतं, खिळा आत गडप होतो, वीस वर्षांनी तोडणाऱ्याची साखळी-करवत किंवा गिरणीचं पातं त्यावर आदळतं, आणि तुकडा कुणाच्या तरी तोंडावर उडतो.

मामा : मान्य, पाटी असावी. पण मग पाटी नसलेल्याचं काय करतोस? मी सापळा दिसला की पंचनामा करून जप्त करायचो.

भाचा : वॉर्डनने आधी चिठ्ठी बांधावी. तारीख टाकून. एवढ्या दिवसांत उतरवा, नाहीतर आम्ही उतरवू. खूपदा माणूस म्हातारा असतो, आजारी असतो. मग उतरवावं, लिलाव करावा.

मामा : चिठ्ठी बांधायला एकदा, बघायला दुसऱ्यांदा, उतरवायला तिसऱ्यांदा. दोन-तीन वॉर्डन म्हणालास ना? तिसऱ्यांदा कोण जाणार? पाटी नाही म्हणजे नियम मोडला. पहिल्याच फेरीत काढ. पाटी आहे पण मुदत संपली, त्याला मात्र चिठ्ठी पाठव, कारण त्याने स्वतःला ओळख दिली आहे. ज्याने ओळख दिली त्याला वेळ द्यायचा. ज्याने लपवली त्याला कशाला?

भावाने हे मान्य केलं. मीही करते. खूण देणाऱ्याशी सौम्य आणि लपवणाऱ्याशी कडक राहिलं की लोक आपणहून खूण देऊ लागतात, आणि वॉर्डनची पायपीट निम्मी होते.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं जमलं नाही, आणि तिथे मी भावाच्या बाजूने नाही. त्याच्या मते हंगाम संपल्यावर सडत राहिलेलं निनावी मचाण दिसलं तर शिकाऱ्यांनीच ते उतरवून कचऱ्यात टाकावं.

भाचा : आपलं जंगल आपण साफ करू नये का? वन्यजीव-अभ्यासक आल्डो लिओपोल्ड इथेच, मॅडिसनच्या विद्यापीठात शिकवायचे. शिकाऱ्याला बघायला प्रेक्षक नसतात, त्याला स्वतःच्या मनाची चाड ठेवून वागावं लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मग मनाने सांगितलं तर मी ते उतरवीन.

मामा : मनाने काय सांगितलं ते तुला ठाऊक. मला झाडाखाली चाकू घेऊन उभा असलेला आणि दुसऱ्याचा पट्टा कापणारा माणूस दिसतो. चोरही असाच दिसतो. उद्या पाटी गळून पडलेलं, मुदतीतलं मचाण कुणी कापलं, तर तो काय म्हणेल? मला वाटलं निनावी आहे. आणि अर्धवट कापलेल्या पट्ट्यावर मालक चढला तर? जप्ती ही सरकारची गोष्ट आहे. ती वाटेल त्याच्या हाती गेली की जंगलात बळाचंच राज्य येतं.

भाचा : आणि सरकार आलंच नाही तर?

मामा : तर सरकारला बोलाव. पुन्हा बोलाव. लेखी बोलाव. आम्ही गावच्या लोकांच्या खबरीवर चालायचो. खबर नसती तर एका माणसाकडून बीट सांभाळलंच गेलं नसतं. खबर देणं हे तुझं काम, उतरवणं त्याचं.

भाऊ म्हणाला की नियमांच्या भरपूर चिंध्या आहेत हेही मामांनी बघावं. राज्याच्या जमिनीला एक नियम, प्रत्येक काउंटी-जंगलाचा आपला वेगळा, आणि मध्येच पंधरा लाख एकरांचं शेक्वामेगॉन-निकोले राष्ट्रीय वन, तिथे संघीय नियम. झाडांवर सीमा लिहिलेली नसते. शंभर पावलं चाललं की कायदा बदलतो. यावर मामांकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही, आणि ही तक्रार शंभर टक्के रास्त आहे. एकाच राज्यात निदान पाटी आणि मुदत या दोन गोष्टी सगळ्या सार्वजनिक जंगलांत एकच करायला काय हरकत आहे? एका काउंटीत किती मचाणं, दक्षिणेत रात्री ठेवायची की नाही, हे वेगळं राहू दे. दक्षिणेतले तुकडे लहान आहेत, माणसं जास्त आहेत. तिथे रोज उतरवणंच न्याय्य आहे, असं माझं मत आहे. तिथे एक ठेवलेलं मचाण दहा जणांची पहाट अडवतं. उत्तरेत ते कुणाला फारसं अडवत नाही. पण पाटी तीच, मुदत तीच, आणि पाटी नसेल तर जप्ती, हे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सारखं हवं.

शिकारी एक युक्तिवाद हमखास करतात, भावानेही केला. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यापासून लांब बंदुका, दारूगोळा आणि आता धनुष्यबाण यांच्यावर कर बसतो. लांब बंदुका आणि दारूगोळ्यावर ११ टक्के. हा पैसा राज्यांच्या वन्यजीव कामाला जातो, आणि त्यातून शिकारीच्या जमिनी घेतल्या, राखल्या जातात. म्हणून या रानावर आपला थोडा जास्त हक्क, असं तो म्हणाला. मामा एवढंच म्हणाले की हा कर निशाण्यावर गोळ्या झाडणाराही भरतो, ज्याने कधी हरीण मारलं नाही, आणि पक्षी बघायला येणारी बाई दुसरे कर भरते. मला वाटतं त्या पैशाने शिकाऱ्यांवर जबाबदारी येते, सवलत मिळत नाही. ज्याच्या पैशातून जंगल राखलं जातं त्याच्या मचाणावर तर पाटी पहिली हवी.

इथे शिकारीला जाणाऱ्या मराठी माणसांची संख्या फार नाही, पण जे जातात त्यांतल्या बहुतेकांकडे स्वतःचं रान नाही. ते सार्वजनिक जंगलातच जातात. त्यांना, आणि त्याच जंगलात पावसाळी बूट घालून नुसतं फिरायला जाणाऱ्यांना, एक विनंती. मचाण दिसलं तर त्यावर चढू नका, पट्टा जुना असू शकतो. ते कापू नका, नेऊ नका. खालून बघा: क्रमांक किंवा नाव दिसतं का, आजची तारीख मुदतीत आहे का, झाडात खिळा आहे का. काही चुकलं असेल तर जागा नोंदवा, फोटो काढा, आणि त्या भागाच्या वॉर्डनला कळवा. तुमचं स्वतःचं मचाण असेल तर क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा, पावसाने पुसला जाणार नाही अशा शाईने, आणि ३१ जानेवारीपूर्वी उतरवा. कुणी आधी येऊन तुमच्या मचाणाशेजारच्या झाडावर बसलेला दिसला, तर दुसरं झाड शोधा. जागा त्याची आहे.